दुखत नसताना शोधलेला डेंटिस्ट

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, जानेवारीतली थंडी, आणि रात्री साडेअकराला आई गालाला हात लावून उठून बसली, म्हणाली दाढ ठणकायलीय. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, घरातली दुखण्याची गोळी झाली, पहाटेपर्यंत घरात कुणालाच झोप नाही. सकाळी जो दवाखाना पहिला उघडा दिसला तिथं नेलं. त्यांनी दाढ काढली, दहा मिनिटांचं काम. आईला शुगर आहे का हे त्यांनी विचारलं नाही, आणि रात्रभर जागलेल्या आम्हालाही ते सांगायचं सुचलं नाही, जखम भरायला महिना लागला. ती दाढ काढायचीच होती का, रूट कॅनल करून, म्हणजे आतली खराब नस काढून पोकळी भरून, वाचली असती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण एक्स-रे काढलाच नव्हता.

तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला एकच सांगतोय की दातांचा डॉक्टर दुखत नसताना शोधून ठेवा. दुखायला लागलं की माणूस निवड करत नाही, जिथं दार उघडं तिथं आत जातो. आणि दुसरी गोष्ट, जी मला हे सगळं होईपर्यंत कळली नव्हती, ती म्हणजे नेहमीचा डेंटिस्ट कशासाठी लागतो. दात काढायला, सिमेंट भरायला कुणीही चालेल एकवेळ, पण आपलं तोंड मागच्या वेळी कसं होतं आणि आज कसं आहे हे ताडून बघणारं कुणीतरी पाहिजे. त्याच्याकडे आपली नोंद पाहिजे. मी डेंटिस्ट निवडताना सगळ्यात जास्त हेच बघतो, आणि का बघतो ते कळायला दात आतून कसा असतो हे थोडं समजून घ्यावं लागतं.

दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, हे आपल्या शरीरातलं सगळ्यात कठीण, हाडापेक्षाही कठीण. पण त्यात नस नसते. म्हणजे कीड तिथं पोखरत असताना आपल्याला काहीच कळत नाही. कीड म्हणजे अळी वगैरे काही नाही बरं का, आपल्या तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं इनॅमलमधला चुना थोडा थोडा विरघळतो. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त, साधारण ५.५ च्या खाली गेला की हे विरघळणं सुरू होतं, मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि गेलेला चुना थोडाफार परत भरते, त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आता आपल्याकडं काय होतं, कारखान्यात असो की दुकानात, दर तासाला कटिंग चहा येतोच, गोड, आणि तोही घोट घोट पीत बसायचा. म्हणजे लाळेला भरून काढायला वेळच मिळत नाही. एकदम बसून दोन पेढे खाल्ले तर जेवढं नुकसान होतं त्याच्यापेक्षा दिवसभर चुटूचुटू गोड चहा पिऊन जास्त होतं, हे माझ्या मावसभावाला पटवायला मला दोन वर्षं लागली.

इनॅमलच्या आत डेंटिन, तिथं कीड पोचली की थंड-गोड झणझणायला लागतं. त्याच्याही आत पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या, आणि तिथं सूज आली की मग खरी ठणक. पायाला सूज आली तर पाय फुगतो, पण दाताच्या आतल्या खोलीच्या भिंती कडक, फुगायला जागाच नाही, म्हणून सगळा दाब नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब अजून वाढतो, म्हणून दाढ बऱ्याचदा रात्री जास्त ठणकते. म्हणजे बघा, आईची दाढ त्या रात्री दुखायला लागली पण बिघडायला लागून वर्ष-दोन वर्षं तरी झाली असणार, आणि तेवढ्या काळात कुणी आत डोकावून बघितलं असतं तर एका छोट्या फिलिंगवर भागलं असतं.

एक खूण मात्र घरच्या घरी कळते. जेवल्यावर रोज एकाच फटीत काहीतरी अडकायला लागलं, शेंगाचटणीचा कूट असो की मटणाचा धागा, आणि आधी तिथं अडकत नव्हतं, तर दोन दातांच्या मधे कीड लागलेली असू शकते किंवा जुनं फिलिंग तुटलेलं असू शकतं. टाचणीनं कोरत बसू नका, जाऊन दाखवा. दोन दातांच्या मधली कीड आरशात तर दिसत नाहीच, डॉक्टरलाही नुसत्या डोळ्यानं कधी कधी दिसत नाही, छोटा एक्स-रे लागतो. त्या छोट्या डिजिटल एक्स-रेला बरेच लोक घाबरतात, पण त्याचं रेडिएशन आपल्याला निसर्गातून एका दिवसात जेवढं मिळतं साधारण तेवढंच किंवा त्याहून कमी असतं. गरोदर असाल तर आधी सांगा, एवढंच.

हिरड्यांचं तर अजून गुपचूप चालतं. दातांवर रोज चिकट थर बसतो, तो ब्रशनं निघाला नाही तर लाळेतल्या चुन्यानं कडक होतो, आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला क्षार धरतात ना अगदी तसा. एकदा कडक झाला की ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, मग माणूस काय करतो, रक्त येतंय म्हणून तिथं ब्रश करायचंच सोडतो, आणि थर अजून वाढतो. हळूहळू हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा तयार होतो, त्याच्या खाली दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. दुखत काहीच नाही. पन्नाशीत दात हलायला लागतो तेव्हा कळतं आणि झिजलेलं हाड पहिल्यासारखं परत येत नाही.

इथंच नोंद कामाला येते. हिरडी आणि दाताच्या मधला खिसा डॉक्टर एका बारीक सळईनं मोजतात, त्या सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक, चार आणि पुढं म्हणजे लक्ष द्यायला पाहिजे. पण नुसता आज चार आहे हे कळून अर्धंच कळतं. मागच्या वर्षी तीन होता आणि आज चार, की मागच्या वर्षी सहा होता आणि आज चार, ह्या दोन अगदी उलट्या गोष्टी आहेत, एकात बिघडतंय आणि एकात सुधारतंय. ज्या दवाखान्यात लिहूनच ठेवत नाहीत तिथं दर वेळी तुम्ही नवीन पेशंट, दहा वर्षं गेलात तरी.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्यांदा जाताना काही दुखत नसताना जा, नुसतं तपासणी आणि सफाई करायचीय म्हणून सांगा, आणि तुम्ही पण त्यांना तपासा. आधी विचारतात का बघा. शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हार्टचं काही ऑपरेशन झालंय का, हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेता का, तंबाखू-सुपारी-मिशरी काय आहे. हे प्रश्न चौकशीपुरते नसतात. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या जास्त खराब होतात आणि हिरड्या खराब असल्या तर शुगर आवरायला जड जाते, दोन्हीकडून आहे ते. रक्त पातळ करणारी गोळी माहीत नसताना दात काढला तर रक्त लवकर थांबत नाही, आणि ती गोळी आपल्या मनानं बंद करून जाणं त्याहून धोक्याचं, ते डेंटिस्टनं तुमच्या हार्टच्या डॉक्टरशी बोलून ठरवायचं असतं. हाडांच्या त्या इंजेक्शनांमुळं दात काढल्यावर कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही. जो डॉक्टर खुर्चीत बसवल्या बसवल्या आ करायला लावतो आणि हे काहीच विचारत नाही, त्याचा हात कितीही सफाईदार असू दे, मी आईला तिथं परत नेणार नाही.

मग तपासताना नुसते दात बघतात की जीभ उचलून खाली बघतात, गालाच्या आतून बोट फिरवतात, तोंड किती उघडतंय ते बघतात, हे लक्षात ठेवा. आपल्या सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांमधे मिशरी लावणाऱ्या बायका अजून भरपूर, आणि मिशरी म्हणजे दात घासायची पावडर नाही, भाजलेली तंबाखू आहे ती. दाढ दुखायची राहते म्हणून लावतात आणि मग सुटत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, मावा हे चालूच आहे, आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारी सुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मधे स्पष्ट केलंय. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक होत जाते, तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडायचं कमी होतं. आपली तीन बोटं एकावर एक धरून उघडलेल्या तोंडात जात नसतील तर दाखवायला जा. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तर अजिबात थांबू नका. अजून एक, तंबाखू खाणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते आणि माणसाला वाटतं माझ्या हिरड्या एकदम झकास.

आता स्वच्छतेचं. विचारायला लाज वाटते हे मला कळतंय, पण हिपॅटायटिस बी चा विषाणू बाहेर वाळलेल्या रक्तात सुद्धा आठवडाभर जिवंत राहू शकतो, त्यामुळं लाज बाजूला ठेवा. हत्यारं ऑटोक्लेव्हमधून काढलेली पाहिजेत. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरसारखंच, दाबाखालची वाफ, १२१ अंशाला पंधरा-वीस मिनिटं किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्यानं काही चिवट जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. आणि ती निळ्या उजेडाची काचेची पेटी असते ना, ती स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला असते, तिच्यात ठेवून अस्वच्छ हत्यार स्वच्छ होत नाही. चांगल्या ठिकाणी हत्यारं कागदी पाकिटात सील केलेली असतात, पाकिटावर एक खूण असते तिचा रंग ऑटोक्लेव्हमधे बदलतो, आणि पाकीट तुमच्यासमोर फोडतात. ग्लोव्ह्ज पेशंटगणिक नवीन, आणि त्याच ग्लोव्ह्जनं फोन उचलला तर बदलायला सांगा. नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना ह्या प्रश्नाचा राग येत नाही. मी ज्यांना विचारलं त्यातल्या एका मॅडमनी तर उठून मागच्या खोलीत नेऊन मशीनच दाखवलं.

डिग्रीचं सांगतो थोडक्यात. बीडीएस म्हणजे पाच वर्षांचं शिक्षण, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. एमडीएस म्हणजे त्यावर अजून तीन वर्षं एकाच विषयात, कुणी रूट कॅनलचं, कुणी हिरड्यांचं, कुणी तारा लावायचं, कुणी लहान मुलांचं. नेहमीच्या देखभालीला बीडीएस डॉक्टर पूर्ण पुरतो, मोठ्या डिग्रीच्या मागं लागायची गरज नाही. कायद्याप्रमाणं नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आपल्याकडं ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडं असते. नोंदणी नंबर बोर्डावर नाहीतर चिठ्ठीवर दिसला पाहिजे, नसेल तर विचारा. रस्त्याकडेला पाच मिनिटांत दात बसवून देणारे असतात त्यांच्याकडं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊ देऊ नका, ते खोटा दात शेजारच्या दातांना आणि हिरडीला कायमचा चिकटवून टाकतात, खाली घाण साचते, आणि चांगले दात पण जातात.

बऱ्याच दवाखान्यांत रूट कॅनलवाले, तारावाले डॉक्टर ठराविक वारी बाहेरून येतात. त्यात वाईट काही नाही, उलट त्या कामातला माणूस मिळतो. फक्त आधी विचारून घ्या की माझं काम नक्की कोण करणार, आणि नंतर सुजलं-दुखलं तर मी कुणाला फोन करायचा.

काम सांगितलं की काय करायचं, ह्यात लोक जास्त गोंधळतात. समजा रूट कॅनल सांगितलं. एक्स-रे स्क्रीनवर दाखवायला सांगा, काळं कुठं दिसतंय, ते नसेपर्यंत गेलंय का. चांगला डॉक्टर बोट ठेवून दाखवतो. मग पर्याय विचारा, काहीच केलं नाही तर काय होईल हे पण विचारा, ह्या एका प्रश्नाचं उत्तर ऐकून मला माणूस कळतो. काही कामं ह्याच आठवड्यात करायची असतात, काही सहा महिने बघून ठरवली तरी चालतात, आणि जो सगळंच आजच करू म्हणतो त्याच्याकडं मी थांबत नाही. कॅप, म्हणजे दातावरची टोपी, बसवायची तर मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) की झिर्कोनिया (धातू नसलेली पांढरी), दोन्हीचे पैसे किती, हे कामाच्या आधी कागदावर लिहून घ्या. एक्स-रे फोनवर मागून घ्या, ते तुमच्या दाताचे फोटो आहेत, दुसरीकडं विचारायचं झालं तर परत काढायला लागत नाहीत. मोठा खर्च असेल तर दुसरं मत घ्याच, ह्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान वगैरे काही नसतो. आणि पहिल्याच भेटीत दात पांढरे करायचं पॅकेज गळ्यात मारायला लागले तर उठून या.

सफाईबद्दल एक गैरसमज आमच्या गल्लीत घट्ट बसलाय, की स्केलिंग केलं की दात सैल होतात, फटी पडतात. फटी आधीच असतात हो, त्या कडक झालेल्या थराच्या खड्यानं बुजलेल्या असतात. खडा काढला आणि सुजलेली हिरडी आत बसली की फट दिसते. दात हलतोय असं वाटतं कारण त्याला धरून ठेवणारा तो खड्याचा गिलावा गेला, पण त्या गिलाव्यानंच खालचं हाड खाल्लेलं असतं. थंड पाणी दोन-चार दिवस झोंबतं, मग कमी होतं.

किती दिवसांनी जायचं? सगळे सहा महिने म्हणतात. खरं तर माणसागणिक वेगळं, दात-हिरड्या चांगल्या असलेल्या तरुण माणसाला वर्षानं चालतं, शुगरवाल्याला किंवा तंबाखू खाणाऱ्याला कधी कधी तीन-चार महिन्यांनी जायला लागतं. तुमचा डॉक्टर तुमच्यासाठी किती सांगतो आणि का सांगतो ते बघा.

पोरांचं विसरू नका. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं एक दाढ येते, कुठलाही दात न पडता येते, त्यामुळं घरातल्यांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल की. ती कायमची असते. त्या दाढेच्या खोल रेघा कीड लागायच्या आधीच बुजवता येतात, पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. माझ्या भाचीची हीच दाढ आम्ही दुधाची समजून सोडली होती.

आता सोलापुरात जायचं कुठं. नाव मी कुणाचं सांगणार नाही, प्रत्येकाचं घर वेगळ्या टोकाला. जवळचा बघा, कारण जुळे सोलापुरातल्या माणसानं अशोक चौकात चांगला डॉक्टर शोधला तर दोन खेपा जाईल आणि तिसरी टाळेल, आणि नेहमीच्या देखभालीत खेपाच महत्त्वाच्या. भाषा पण बघा. पूर्व भागातल्या आज्जीला तेलुगूत विचारलं तर ती दहा गोष्टी सांगेल, मराठीत विचारलं तर नुसती मान हलवेल, तसंच कानडीचं, तसंच आपल्याकडच्या दखनीचं. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला दातांचा विभाग आहे, आणि पुणे रोडला केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमधे शिकणारी मुलं काम करतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यांच्या मागं शिक्षक उभे असतात, प्रत्येक पायरी तपासून सही होते, आणि केस पेपर एकदम व्यवस्थित भरलेला असतो. वेळ मात्र जास्त जातो, अर्धा दिवस धरूनच जा.

घरी करायचं ते थोडकंच आहे, मऊ ब्रश, फ्लोराइडवाली पेस्ट, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही कारण झोपेत लाळ कमी होते. कडक भाकरी ज्यांचे दात भरलेले किंवा कॅप बसवलेले आहेत त्यांनी आमटीत भिजवूनच खावी, तशीच ती चवीला पण चांगली लागते.

आईला शेवटी आम्ही घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका डॉक्टरांकडं नेलं, दुखत काहीच नसताना, मार्चमधे. त्यांनी सगळ्या हिरड्या मोजल्या, असिस्टंट आकडे लिहीत होती, खालच्या उजव्या बाजूला मागं सहा आला. दोन बैठकांत खोल सफाई झाली, शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आईनं मिशरी सोडली, ते सगळ्यात अवघड होतं, अधूनमधून अजून आठवण काढते. सप्टेंबरात परत मोजलं तर तिथं चार. डॉक्टरांनी कागद आईकडं फिरवला, आईनं चष्मा लावून मार्चचा आणि सप्टेंबरचा असे दोन्ही आकडे बोट ठेवून वाचले, आणि जिना उतरताना मला विचारलं, पुढची तारीख कधीची दिलीय रे.